मनकर्णाबाईंचे तीन मिस्ड कॉल

१

लाइट गेली म्हणून मनकर्णाबाई सापडल्या.

मे महिन्यात अकोल्याच्या डाबकी रोडवरच्या त्या गल्लीत दुपारभर प्रत्येक दार लोटलेलं असतं आणि प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो. त्या आवाजात कुणी हाक मारली तरी ती शेजारच्या भिंतीपलीकडे जात नाही. संध्याकाळी लाइट गेली, सगळे कूलर एकदम मुके झाले, आणि शेजारच्या तानुबाईंना पलीकडे फोन वाजताना ऐकू आला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. कुणी उचलेना.

तानुबाई गेल्या. दाराला कडीसुद्धा लावलेली नव्हती. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कुशीवर पडलेल्या, जवळ पाण्याचा गडवा लवंडलेला, मुठीत बटनांचा छोटा फोन. तो वाजतच होता. तानुबाईंनी त्यांच्या मुठीतून तो सोडवून घेतला. अमरावतीहून सून बोलत होती, पौर्णिमा.

"पौर्णिमा," तानुबाई म्हणाल्या, "तुही सासू उठून नाही राहिली वो."

डॉक्टरांनी उष्माघात सांगितला, आणि त्याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण उभं राहिलं ते तेराव्याला, जेवणं झाल्यावर. मनकर्णाबाईंचा मुलगा शेखर भिंतीतल्या देवळीतून आईचा फोन घेऊन आला. खेड्यापाड्यांत फिरून 'जीवछाया' नावाच्या खाजगी कंपनीची आरोग्य कार्डं विकायचं त्याचं काम, त्यामुळे चार लोकांत बोलायची त्याला सवय. सगळ्या सोयऱ्यांसमोर त्याने फोनमधली लावलेल्या नंबरांची यादी उघडली.

"पाहा. त्या दिवशी दुपारी लावलेले नंबर. पौर्णिमा. पौर्णिमा. पौर्णिमा. तीनदा मिस कॉल मारला माह्या आईनं. हिनं पायला, आन पुसून टाकला. त्याच्या खाली आपला दवाखान्याचा फुकटचा नंबर. तोही लावून पायला बिचारीनं."

"माझ्याकडे एकही आला नाही," पौर्णिमा म्हणाली. तिने आपला फोन पुढे केला. त्यात त्या दुपारचं मनकर्णाबाईंचं नाव नव्हतं.

"पुसल्यावर कुठून राहीन?" शेखर म्हणाला. "माह्या आईले मारणाऱ्या बाईच्या घरी माही पोरगी जाणार नाही. श्रावणी इथंच राहीन."

पाच वर्षांची श्रावणी दाराशी उभी होती. तिने आईकडे पाहिलं आणि हळूच आत्याच्या पदरामागे गेली.

पौर्णिमा त्या संध्याकाळी अमरावतीच्या एसटीत एकटी बसली.

२

पौर्णिमा अमरावतीत राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवायची. नवरा अकोल्यात, ती आणि श्रावणी इथे भाड्याच्या दोन खोल्यांत. वरच्या मजल्यावर अ‍ॅडव्होकेट देवश्री मोहरील राहायची. श्रावणीचा ताबा मागणारी शेखरच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा पौर्णिमा ती घेऊन जिना चढली. दुसऱ्या हातात श्रावणीचा धुऊन घडी केलेला फ्रॉक होता. तो खाली ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं.

देवश्रीने नोटीस वाचली. "एकच विचारते. वकील म्हणून. पुसलेस का?"

"ताई, तुमीसुद्धा?"

"कोर्टात पहिला प्रश्न हाच असणार. उत्तर मला आधी हवं."

"नाही पुसले. आलेच नाही, तर पुसू काय?" पौर्णिमा खुर्चीत बसली. "आमचं ठरलेलं होतं. आईंचा रिचार्ज छोटा, बोलायचं थोडकंच मिळे. म्हणून रोज संध्याकाळी त्यांची एक रिंग येई. एक म्हणजे, मी जेवली. मग माझी एक रिंग तिकडे, म्हणजे आमीपण जेवलो. लागोपाठ आल्या तर समजायचं की लवकर फोन कर. त्या दिवशी संध्याकाळची रिंग आली नाही, म्हणूनच तर मी लावत होते. मला माहीत असतं तर दुपारीच..." तिने फ्रॉकची घडी मोडली, पुन्हा घातली. "ताई, माझी स्वतःची आई गेली तेव्हा मी एवढी रडली नव्हती."

"त्या दुपारी तुझा फोन बंद होता?"

"क्लासमध्ये होते. आवाज बंद, पण फोन टेबलावर, डोळ्यांसमोर. एका मुलाच्या वडलांचा फोन आला होता त्याच वेळात. तो दिसतोय ना इथे."

म्हणजे रेंज होती. देवश्री खिडकीशी गेली. खाली राजापेठेची रहदारी हॉर्नवर हॉर्न देत सरकत होती. तिच्या मनात दुसरा संशय आला होता आणि तो तिला आवडलाही होता. फोन तेरा दिवस शेखरच्या ताब्यात होता. त्यानेच मागाहून बसून तीनदा नंबर लावला असेल तर?

तिने तसं विचारलं. पौर्णिमाने शांतपणे नकारार्थी मान हलवली. गणिताची बाई होती ती.

"मग ते तीन तरी माझ्याकडे आले असते ना, ताई. त्याने लावले काय, आईंनी लावले काय. पण माझ्याकडे कुणाचेच आले नाहीत."

देवश्री वळली. खोटं कुणी बोलत असेल, तर त्याचं खोटं कुठेतरी नीट बसायला हवं होतं. इथे सुनेचं खोटं धरा की मुलाचं, गणित जुळत नव्हतं. तीन कॉल अकोल्याहून निघाले होते. अमरावतीला एकही पोचला नव्हता.

"उद्या मी अकोल्याला जाते," ती म्हणाली. "तू येऊ नकोस. तू आलीस की सगळे भांडतील, आणि मला त्यांना बोलतं करायचं आहे."

३

गल्लीच्या तोंडाशी कुंदनचं मोबाइलचं दुकान होतं. मनकर्णाबाईंचा रिचार्ज तोच मारायचा. देवश्रीने नाव काढताच तो भडकला.

"मले माहीत हाय तुमी कावून आल्या ते. शेखरभाऊनं इचारलं, गल्लीतल्या लोकायनं इचारलं. म्हणते, पैसे घेतले आन रिचार्ज नाही मारला. अवो ताई, त्या बाईनं मले पोरासारखं धरलं होतं. दर खेपेस येताना हातात काही ना काही, लाडू नाही तं मुरमुरे." त्याने आपल्या फोनवरचा मेसेज तिच्यापुढे धरला. "आदल्या दिवशीचा हाय हा. झाला रिचार्ज. त्यांच्या फोनातलं बोलणं नवंकोरं होतं."

"त्या बोलायच्या किती?"

"बोलाच्याच नाही! म्हणून तं मी त्यांची मजा करो. म्हटलं आजी, तुमचा पॅक तसाच सडते, पुढच्या खेपेले अर्धाच मारतो. तं म्हणे, राहू दे बाप्पा, वेळप्रसंगाले असावा."

देवश्री बाहेर पडली. एक शक्यता गळाली होती. वेळप्रसंग आला होता, फोनमध्ये बोलणं होतं, आणि तरीही.

तानुबाई ओट्यावर सांडगे घालत होत्या. देवश्रीला त्यांनी उन्हातून सावलीत घेतलं, माठातलं पाणी दिलं, वर गूळ दिला आणि मग स्वतःच बोलायला लागल्या. कुणी ऐकून घेईल याची त्या वाटच पाहत असाव्यात.

"फोन बिघडलेला होता असं म्हणते लोक. नाही वो. त्याच दिवशी सकाळी म्या तिचाच फोन घेतला होता. माह्या पोराले पुण्याले मिस कॉल मारला. गेला. लगेच उलटा आला त्याचा."

"सकाळी गेला?"

"गेला म्हणजे? बोलली ना मी! तिच्यासमोर बोलली."

"त्यानंतर तुम्ही मनकर्णाबाईंना कधी पाहिलं?"

तानुबाईंचा हात सांडग्याच्या पिठातच थांबला.

"दुपारी. म्या इरजण मागाले गेली होती. तं पलंगावर बसून होती, फोन कानाशी. चेहरा लाल झालेला. म्या इचारलं, काय होऊन राहिलं? तं म्हणे, गरगरते, मळमळते, दवाखान्याच्या नंबरवर इचारून पायतो. फोनातून गाणं येऊन राहिलं होतं, बाजा वाजते तसं. म्या म्हटलं, गाणं कायचं ऐकतं? पौर्णिमाले लाव. तं म्हणे, तिचा क्लास असते, लेकरं शिकते, कावून तरास देऊ. हा फुकटचा हाय, शेखरनं देला. गाणं संपलं की बाई बोलते, म्हणे." त्यांनी पिठाचा हात तसाच कपाळाला लावला. "म्या इरजण घेतलं आन आली. कूलर लावला आन झोपली. सांगा बाई, म्या कावून झोपली?"

देवश्रीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पण त्या रडत असतानाच तिच्या डोक्यात ती यादी पुन्हा उघडली. पौर्णिमा, पौर्णिमा, पौर्णिमा, आणि त्यांच्या खाली, म्हणजे त्यांच्या आधी, तो फुकटचा नंबर. सकाळी मिस्ड कॉल गेला. मग गाणं. मग एकही गेला नाही.

आणि आणखी एक गोष्ट. तेराव्याला सगळ्यांनी ती यादी पाहिली होती, आणि यादीत काय आहे त्यावर भांडले होते. काय नाही, ते कुणी पाहिलं नव्हतं.

मरणाच्या दारात आईने सुनेला तीनदा फोन लावला होता. मुलाला एकदाही नाही.

४

शेखरने तानुबाईंनाही जीवछायाचं कार्ड दिलं होतं; त्यावरचा तो नंबर देवश्रीने त्यांच्या ओट्यावरूनच लावला. गाणं लागलं. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगून गेली, मग पुन्हा गाणं. अर्धा गूळ संपला. सांडग्यांची एक ओळ पुरी झाली. शेवटी एक मुलगी बोलली.

"जीवछाया हेल्पलाइन, नमस्कार."

"हा नंबर मोफत आहे ना?"

"हो मॅडम, लँडलाइनवरून पूर्ण मोफत."

"आणि मोबाइलवरून?"

"मोबाइलवरून तुमच्या प्लॅनप्रमाणे दर लागतात, मॅडम. लाइनवर थांबलात त्याचेही."

"हे कार्डावर तर कुठे नाही."

"आमचे प्रतिनिधी कार्ड देताना समजावून सांगतात, मॅडम."

देवश्रीने फोन ठेवला आणि पौर्णिमाला लावला. "पुढच्या एसटीने ये."

पौर्णिमा पोचल्यावर देवश्री आणि तानुबाई तिच्यासोबत शेजारी गेल्या. शेखरने दार उघडलं तेव्हा तिला पाहून त्याच्या कपाळावर आठी आली. श्रावणी आतल्या खोलीत पाटीवर काहीतरी काढत बसली होती. ती उठली, दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पौर्णिमाने हात पुढे केले. श्रावणीने वडिलांकडे पाहिलं. पौर्णिमाचे हात हळूहळू खाली आले.

"तानुबाई, हिला जरा अंगणात नेता?" देवश्री म्हणाली. मग शेखरकडे वळून, "आईंचा फोन आणा."

"कायले?"

"त्याला तेराव्यानंतर कुणी हात लावलाय?"

"बंद करून देवाजौळ ठेवला. कोर्टात दाखवाचा हाय मले."

"मग आधी मला दाखवा. चालू करा. आता तुमच्या हातानं पौर्णिमाला एक मिस्ड कॉल द्या."

"हे काय नाटक हाय, मॅडम?"

"द्या तर खरं. मिस्ड कॉलला काय लागतं?"

पौर्णिमाने आपला फोन टेबलावर मधोमध ठेवला. शेखरने आईच्या फोनवर बटनं दाबली आणि तो कानाला लावला. खोलीत फक्त कूलरचा आवाज होता. टेबलावरचा फोन उजळला नाही, वाजला नाही, हलला नाही. शेखरच्या कानाशी धरलेल्या फोनातून मात्र एक बारीक, गोड बाईचा आवाज झिरपत होता. आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही. कृपया रिचार्ज करा.

"आता यादी उघडा."

त्याने उघडली. पौर्णिमाचं नाव आता चार वेळा होतं.

"पाहिलंत?" देवश्रीने आवाज चढवला नाही. "हा फोन तुम्ही काय दाबलं ते लिहून ठेवतो. ते पोचलं की नाही, ते लिहीत नाही. आईंनी तीनदा दाबलं. तिन्ही वेळा त्यांना हीच बाई भेटली. तुमची बायको खोटं बोलली नाही, आणि तुम्हीही नाही. कॉल इथून निघालेच नाहीत."

"पण फोन चालू होता! संध्याकाळी हिचाच आला ना?"

"येणाऱ्या फोनला पैसे लागत नाहीत. म्हणूनच फोन धडधाकट आहे असं सगळ्यांना वाटलं."

"आदल्या दिवशीच तं रिचार्ज मारला होता. आन खर्च कायचा? आई बोलेच नाही कोणाशी. मिस कॉल, आन तो..."

त्याने पडद्यावरची यादी पुन्हा पाहिली.

"आणि तो?" देवश्री म्हणाली.

शेखर खाली बसला. फोन त्याच्या हातातच होता.

"सकाळी तानुबाईंचा मिस्ड कॉल या फोनवरून गेला. तोवर बोलणं होतं. दुपारी आई तुमच्या नंबरवर गाणं ऐकत बसल्या. फुकट आहे म्हणून निवांत बसल्या. दुसऱ्या कुठल्या नंबरवर असं थांबायला लागलं असतं तर कधीच कापला असता त्यांनी, रिचार्ज जपणारी बाई होती. गाणं सगळं बोलणं खाऊन गेलं आणि आपोआप बंद पडलं. मग घाबरून त्यांनी पौर्णिमाला लावला. आपल्या लोकांना एकच ठाऊक, मिस्ड कॉल फुकट असतो. पण तो निघायलासुद्धा खात्यात काही असावं लागतं. काहीच नसताना लागतो तो फक्त आणीबाणीचा एकशेबारा. तो नंबर या फोनात कुणी टाकून दिला नव्हता. हा फुकटचा मात्र टाकून दिला होता. तुम्हाला माहीत होतं का, शेखर, की मोबाइलवरून याला पैसे पडतात?"

त्याने आईचा फोन टेबलावर पौर्णिमाच्या फोनशेजारी ठेवला.

"ट्रेनिंगमधे सांगतलं होतं," तो म्हणाला. "पण गावात असं सांगतलं की लोक कार्डच घेत नाही. म्हणते, फुकट नाही तं कायले पाह्यजे? मंग सांगणं सोडून देल्लं. फुकट, फुकट, फुकट. दिवसभर हेच तोंडात. आईले नंबर टाकून देल्ला तेव्हा मलेच फुकट वाटत होता, मॅडम. देवाशपथ. मी इसरूनच गेलो होतो."

"आणि त्यांनी तुम्हाला का नाही लावला?"

उत्तर पौर्णिमानेच दिलं, भिंतीकडे पाहत.

"तूच त्यांना सांगून ठेवलं होतं, मी फिल्डवर असतो, मले फोन करत जाऊ नको. काही दुखलं-खुपलं तं त्या नंबरवर इचारत जा. कार्ड घेतलं तेच यासाठी ना, शेखर? आईंचा आवाज तुझ्या कानाशी येऊ नये म्हणून."

५

नोटीस मागे घेतो, असं शेखर म्हणाला. पोरगी घेऊन जा, म्हणाला. मग पौर्णिमासमोर हात जोडले.

"फक्त हे तिले सांगू नको. मोठी झाली की पाहू."

"तू तिले माझ्याबद्दल काय सांगतलं होतं?" पौर्णिमाने विचारलं.

त्याने जोडलेले हात खाली घेतले.

"आईनं आजीचा फोन उचलला नाही, असंच ना? दोन आठवडे ती ते घेऊन झोपते. माझ्याजवळ यायला घाबरते माझी पोरगी." पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "तेवढं परत घे. तुह्या तोंडानं, माझ्यासमोर. मग मी नेतो तिले."

देवश्री बाहेर जायला निघाली, पण पौर्णिमाने तिचा हात धरला.

श्रावणीला आत बोलावलं. तिच्या बोटांना सांडग्याचं पीठ लागलं होतं. शेखरने तिला समोर उभं केलं, तिच्या बोटांवरचं पीठ आपल्या रुमालाने पुसलं, पुसलेलं पुन्हा पुसलं. खेड्याखेड्यांत तासन् तास बोलणाऱ्या माणसाला सुरुवात सापडत नव्हती.

"श्रावू, मी तुले सांगतलं होतं ना, मम्मीनं आजीचा फोन नाही पायला म्हणून? ते खरं नाही होतं. आजीनं मम्मीले फोन लावला, पण तो लागलाच नाही. आजीच्या फोनमधले पैसे संपून गेले होते. मम्मीची काही चूक नाही. समजलं?"

श्रावणीने विचार केला. आईकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता. पाच वर्षांच्या मुलीला न कळलेलं एक साधं काहीतरी ती विचारत होती.

"मंग पप्पा, तुमी कावून नाही टाकले?"

शेखरने पौर्णिमाकडे पाहिलं. मग देवश्रीकडे.

श्रावणी थांबली. मोठ्या माणसांना उत्तर येतंच, असं धरून लेकरं थांबतात तशी ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मग पलंगाखाली वाकून आपली दुसरी चप्पल शोधायला लागली.